पिंपातले त्रेसष्ट अंश

“सदुसष्ट पूर्णांक शून्य,” चष्मेवाला म्हणाला. “बघा ना साडूभाऊ, पाऊण तास झाला, आकडा जागचा हललेला नाही.”

बॉयलरवाल्यानं बघितलं. भिंतीवर टांगलेल्या काळ्या डबीत लाल आकडे होते. सदुसष्ट, टिंब, शून्य. आकडा खरोखरच हलत नव्हता. तो हलला असता तर बॉयलरवाल्याला फार बरं वाटलं असतं.

दोघं चष्मेवाल्याच्या गॅरेजमध्ये उभे होते. गाडी बाहेर काढलेली होती आणि तिच्या जागी स्टीलचं पिंप, त्याच्याशेजारी वीतभर पंप, पंपाला जोडलेली मनगटाएवढी जाड नळी आणि नळीच्या आत हीटर, असा सगळा संसार मांडलेला होता. पिंपात बार्लीच्या माल्टची भरड गरम पाण्यात भिजत पडली होती. पंप ते गोड पाणी पिंपाच्या तळातून ओढायचा, हीटरच्या नळीतून फिरवायचा आणि वरून पुन्हा भरडीवर सोडायचा. हीटरच्या नळीच्या तोंडाशी सेन्सर बसवलेला होता. पाणी जरा निवलं की हीटर आपोआप चालू, सदुसष्ट झालं की बंद. माणसानं फक्त खुर्ची टाकून बसायचं. चष्मेवाल्यानं दोन खुर्च्या टाकल्याही होत्या.

घरी बिअर करणाऱ्याचं नशीब या एका तासात ठरतं. भरडीतल्या पिठाची साखर होते ती याच तासात, आणि कुठल्या जातीची साखर व्हायची ते तापमान ठरवतं. सदुसष्टला धरलं तर थोडी साखर अशी होते की ती यीस्टला पचत नाही. ती मागे राहते आणि बिअरला अंग येतं, गोडसर जडपणा येतो. तेच तापमान चार अंश खाली घसरलं तर यीस्ट जवळजवळ सगळंच फस्त करतं आणि बाटलीत उतरते ती पातळ, कोरडी बिअर. बॉयलरवाल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. सव्वीस वर्षं तो घराच्या मागच्या खोलीत पातेल्याला जुनं ब्लँकेट गुंडाळून, दर दहा मिनिटांनी झाकण किलकिलं करून, थर्मामीटर बुडवून, कधी तांब्याभर कढत पाणी घालून तर कधी पळीनं ढवळून हे सदुसष्ट अंश सांभाळत आला होता. त्याची बायको म्हणायची, बाळंतीण असते तर माझीसुद्धा एवढी काळजी घेतली नसतीत. त्यावर तो म्हणायचा, बाळंतीण दोनदा झालीस, तेव्हा तक्रार नव्हती.

आणि इथे हा चष्म्याच्या दुकानातला माणूस, ज्यानं जन्मात गरम म्हणून काही हाताळलं असेल तर चहाचा कप, तो खुर्चीवर बसून सदुसष्ट पूर्णांक शून्य म्हणत होता.

साडूचं नातं मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची थट्टा करता येते. साडूशी दोन्ही जमत नाही. एकाच घरचे दोन जावई, दोघांनाही सगळे सारख्याच प्रेमानं वाढणार आणि मनातल्या मनात तोलणार. या तराजूत बॉयलरवाल्याचं पारडं बारा वर्षांपूर्वी, धाकटीचं लग्न ठरलं तेव्हाच वर गेलं होतं. धाकटीच्या नवऱ्याचं स्वतःचं दुकान होतं, गॅरेज असलेलं घर होतं, आणि बोलणं इतकं मऊ की रागावायला फट मिळू नये. हा पडला इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर सांभाळणारा. एकतीस वर्षं चादरी आणि रुग्णांचे कपडे वाळवायला वाफ पुरवली. गेल्या वर्षी तिथेही एक पॅनेल आलं. आता वाफ पॅनेल सांभाळतं आणि हा पॅनेलसमोर स्टुलावर बसून असतो.

त्याच्याकडे राहता राहिली होती ती बिअर. दर वर्षी सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या वाढदिवसाला दुपारच्या जेवणाला बिअर असायची ती थोरल्या जावयानं केलेली. आप्पा निवृत्त मास्तर. कौतुक करायचं म्हणजे पदरचे गुण द्यायचे, अशा समजुतीचे. पण दर वर्षी पहिला घोट घेऊन ते म्हणायचे, “थोरल्यांच्या हाताला चव आहे.” एवढंच वाक्य. बॉयलरवाला ते वर्षभर पुरवून वापरायचा.

दोन वर्षांपूर्वी चष्मेवाला वही घेऊन त्याच्या मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, मलाही शिकवा. बॉयलरवाल्यानं शिकवलं. शिकवताना छाती फुगली, हे खोटं कशाला सांगा. चष्मेवाला प्रत्येक गोष्टीचा नंबर विचारायचा आणि लिहून घ्यायचा. त्याला आयुष्यच नंबरात दिसायचं. आणि मग दोन महिन्यांपूर्वी धाकटीचा फोन आला, की यंदा आप्पांना ऐंशी पूर्ण होतायत, यंदा बिअर आम्ही करतो, यांनी नवीन यंत्रणा आणली आहे, भाऊजींना किती वर्षं त्रास द्यायचा. बायकोनं फोन ठेवून जसंच्या तसं सांगितलं. बॉयलरवाला म्हणाला, बरंच झालं, सुटलो. त्या रात्री तो जेवलाच नाही आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. बायकोला कळायचं ते कळलं. तिनं औषध काही दिलं नाही.

तर आता गॅरेजमध्ये. धाकटीनं आतून हाक मारली म्हणून चष्मेवाला उठून गेला. बॉयलरवाला पिंपाशी एकटा राहिला. त्यानं पिंपाच्या अंगावर अख्खा तळहात ठेवला. एकतीस वर्षं नळ्या आणि टाक्या चाचपून त्या तळहाताला एक अक्कल आली होती. तळहात म्हणाला, हे सदुसष्ट नाही.

त्यानं खिशातून काचेचा थर्मामीटर काढला. पेनाच्या जुन्या डबीत ठेवलेला तो थर्मामीटर रविवारी त्याच्या खिशात असायचाच. झाकण सरकवून त्यानं तो भरडीत मधोमध खोल खुपसला आणि शंभरपर्यंत मोजलं. पारा त्रेसष्टला थांबला.

कारण त्याला तिथल्या तिथे दिसलं. पंप जोरात चालवला तर भरड तळाशी दबून बसते आणि पाणी खाली उतरेनासं होतं, म्हणून चष्मेवाल्यानं कॉक जवळजवळ बंद करून धार अगदी बारीक केली होती. हीटरमधून निघताना ते पाणी सदुसष्ट होतं, यात वाद नाही. पण तेवढ्याशा धारेनं पिंपभर भरड कशी गरम राहणार? पिंपाला वर ना ब्लँकेट ना काही, आणि गॅरेजचं दार सताड उघडं. सेन्सर बिचारा स्वतःपुरतं खरं बोलत होता. धुलाईखान्यात असंच व्हायचं. बॉयलरच्या काट्यावर वाफ भरपूर, आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या यंत्रातून चादरी ओल्याच्या ओल्या बाहेर. नव्यानं लागलेल्या प्रत्येक माणसाला बॉयलरवाला पहिल्या दिवशी सांगायचा, की काटा जिथं बसलाय तिथलंच सांगतो.

तेच आता सांगायचं होतं. कॉक थोडा उघडा, पिंपाला काहीतरी गुंडाळा, दार लावा. एवढी तीन वाक्यं. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं नसतं, पण बरंचसं सावरलं असतं.

चष्मेवाला दोन कप घेऊन परत आला तेव्हा बॉयलरवाला थर्मामीटर रुमालानं पुसत होता.

“काय म्हणतंय?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“छान चाललंय,” बॉयलरवाला म्हणाला.

चहा घेताना त्याच्या मनात आलं, आपण खोटं कुठे बोललो? पंप छानच चालला होता. अशी समजूत घालून त्यानं दुसरा कपही घेतला.

पुढच्याच रविवारी त्यानं स्वतःच्या मागच्या खोलीत पातेलं चढवलं. बायकोनं दारात उभं राहून विचारलं, की यंदाची तर धाकटीकडे आहे ना? असू दे घरात चार बाटल्या, तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं सदुसष्ट अंश असे राखले की आयुष्यात राखले नसतील. दर पाच मिनिटांनी झाकण उचललं. ब्लँकेटवर आणखी एक ब्लँकेट टाकलं. मनात चित्र तयार होतं. वाढदिवसाच्या टेबलावर चष्मेवाल्याची ती पातळ बिअर येणार, आप्पा पहिला घोट घेऊन ग्लास खाली ठेवणार, कुणी काही बोलणार नाही. मग आपण सहज उठायचं, पिशवीतून दोन बाटल्या काढायच्या आणि म्हणायचं, अडीअडचणीला असाव्यात म्हणून आणल्या होत्या. ‘अडीअडचणीला’ हा शब्द त्याला फार पसंत पडला होता. बॉयलरसमोर बसल्या बसल्या त्यानं तो दोन-चार वेळा म्हणूनही पाहिला.

पाच आठवड्यांनी वाढदिवस आला. बायकोच्या स्वेटरखाली दोन बाटल्या झाकून त्यानं पिशवी स्वतः धरली. सासरच्या घरी जेवणाच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. टोकाला आप्पा, त्यांच्याशेजारी सासूबाई, मग दोघी बहिणी आणि दोघे जावई. पिशवी त्यानं आपल्या खुर्चीच्या पायाशी ठेवली.

चष्मेवाल्यानं बिअर ओतली. रंगच फिका होता. बॉयलरवाल्यानं घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि त्याला आतून गुदगुल्या झाल्या. पातळ. कोरडी ठाक. त्रेसष्ट अंशांची हुबेहूब. वासाला स्वच्छ होती, कडवटपणाही नेमका होता, ते त्याला जाणवलं. पण अंग कुठे होतं? त्यानं ग्लास हळूच ठेवला आणि आप्पांकडे बघत बसला.

आप्पांनी पहिला घोट घेतला. काही बोलले नाहीत. दुसरा घेतला. मग शेंगदाणे खात, सासूबाईंशी काहीतरी बोलत, ते पीत राहिले, आणि बॉयलरवाला खुर्चीखालच्या पिशवीला पाय लावून वाट बघत राहिला. थोड्या वेळानं आप्पांनी ग्लास खाली ठेवला. तो रिकामा होता. त्यांनी तो पुन्हा उचलला आणि चष्मेवाल्यापुढे धरला.

“अजून आहे का हो?”

मग धाकटी हसली आणि म्हणाली, आप्पा, दुसरा ग्लास? तुम्ही? आप्पाही हसले. ऐंशी वर्षांच्या माणसाला जीभ आवरायचं काही कारण उरत नाही.

“हलकी आहे गं. घशाखाली उतरते आणि पोटात दगडासारखी बसत नाही. थोरल्यांची चांगलीच असते, नाही कोण म्हणतं? पण ती म्हणजे ग्लासातलं जेवणच. अर्ध्या ग्लासात मी आडवा. मग उरलेला तुझी आई...”

“जेवा आता, निवतंय,” सासूबाई घाईनं म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात काहीतरी वाढलं.

पण वाक्य टेबलावर येऊन पडलं होतं. बॉयलरवाल्याला दर वर्षीचं ते दृश्य आठवलं. जेवण अर्ध्यावर आलं की सासूबाई उठायच्या, आप्पांचा ग्लास उचलून स्वयंपाकघरात न्यायच्या आणि धुऊन पालथा घालायच्या. त्याला वाटायचं, बाई मोठी टापटिपीची. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटी ताटात बघत होती. बायको ताटात बघत होती. नवल कुणालाच वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षं सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला सांभाळून घेतलं होतं. आप्पांनी हाताला चव आहे म्हटलं, ती चव अर्ध्या ग्लासापुरती होती.

त्याला चष्मेवाल्याचा असा संताप आला की कानाच्या पाळ्या तापल्या. चूक त्यानं केली, डोळ्यांदेखत आपण ती होऊ दिली, आणि बक्षीस पुन्हा त्यालाच. हातानं खड्डा खणावा आणि तिथे दुसऱ्याला पाणी लागावं, अशातली गत.

चष्मेवाला मात्र खुलला नव्हता. आप्पांचा ग्लास भरून तो प्रामाणिकपणे म्हणाला, की खरं सांगायचं तर मला ही अशी करायचीच नव्हती. साडूभाऊंची होते तशी करायला गेलो होतो. काहीतरी बिघडलंय. आता पिंपाला घालायला जाड जॅकेट मागवलंय, मोठा पंपही येतोय, पुढच्या खेपेला अगदी साडूभाऊंसारखी होईल.

“काही दुरुस्त करू नका,” आप्पा म्हणाले. “पुढच्या वर्षी मी असलो तर हीच द्या.”

“पण ही झाली कशी, तेच कळत नाहीये आप्पा. डबीवर शेवटपर्यंत सदुसष्टच होतं.” चष्मेवाल्यानं खिशातून छोटी वही काढून चाळली. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. “साडूभाऊ, तुम्ही त्या दिवशी आत थर्मामीटर घातला होतात. किती होतं?”

त्याच्या विचारण्यात काडीचीही खोच नव्हती. डोळे तपासणारा माणूस जसं विचारतो, आता वाचता येतंय का, तसंच ते विचारणं होतं.

बॉयलरवाल्याला सगळं पुढचं वर्ष समोर दिसलं. सदुसष्ट, एवढंच म्हणायचं. मग तो जॅकेट घालणार, मोठा पंप बसवणार, आकडा सदुसष्टवरच ठेवणार, आणि या खेपेला पिंपातही खरोखरच सदुसष्ट होणार. बिअर जड होणार. पुढच्या वाढदिवसाला आप्पा अर्धा ग्लास ठेवणार आणि तो अर्धा ग्लास या बेट्याचा असणार. सासूबाई तो उचलून नेतील. आपण फक्त बघायचं. जिभेवर शब्द आला सुद्धा.

आप्पा दुसरा ग्लास पीत होते. ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागत होता त्यांना, तरी खाली ठेवत नव्हते. वरच्या ओठावर फेस लागला होता. पुढच्या वर्षी मी असलो तर, असं म्हणाले होते ते.

“त्रेसष्ट,” बॉयलरवाला म्हणाला.

चष्मेवाल्यानं चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा का नाही बोललात, असं कुणीच विचारलं नाही. पण टेबलावरच्या प्रत्येकाला तो प्रश्न पडलेला स्पष्ट दिसत होता. बायकोनं मान वर केली नाही.

“आलेला पंप बसवा, जॅकेटही घाला,” बॉयलरवाला खालच्या आवाजात, पण न थांबता बोलत गेला. “फक्त सेन्सर नळीच्या तोंडाशी ठेवू नका, भरडीत मधोमध घ्या. आणि आकडा त्रेसष्टवर लावा. दर वेळी हीच होईल. काटा जिथं बसलाय तिथलंच सांगतो.”

चष्मेवाल्यानं ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. बॉयलरवाल्यानं खिशातून पेनाची डबी काढली आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

“हा असू द्या तुमच्याकडे. सेन्सरवर विसंबू नका.”

निघताना चष्मेवाला दारापर्यंत आला. बॉयलरवाल्यानं चपला घातल्यावर तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी सांगितलं असतंत, तर आप्पांना ही मिळाली नसती.” एवढं बोलून त्यानं बॉयलरवाल्याचा हात दाबला. बॉयलरवाला रस्ताभर त्या वाक्यावर चरफडत राहिला. माफ करण्यातसुद्धा हा माणूस आपल्या पुढे निघून गेला होता.

पिशवी आता बायकोच्या हातात होती. पावलागणिक दोन बाटल्या एकमेकींना लागून वाजत होत्या. वळणावर आल्यावर ती म्हणाली, “परत आणल्यात होय या?” मग पिशवीतला स्वेटर ओढून तिनं दोन बाटल्यांच्या मध्ये कोंबला.

घरी पोहोचले तेव्हा उजेड होता अजून. तिनं आपण होऊन दोन ग्लास काढले, एक बाटली उघडली आणि दोघांना ओतली. मागच्या खोलीच्या पायरीवर दोघं बसले. बिअर गडद झाली होती, वर जाड फेस होता, आणि पहिल्या घोटालाच त्याला कळलं, की इतकी चांगली आपल्या हातून याआधी झाली नव्हती. सवयीनं त्याचा हात थर्मामीटरच्या खिशाकडे गेला, आणि डबी देऊन टाकल्याचं आठवून त्यानं तो मागे घेतला.

“छान झालीये,” ती म्हणाली.

समोरच्या दोरीवरचे कपडे वाळले होते, ते काढायचे होते. ती अर्धा ग्लास प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि नेहमीसारखा उरलेला ग्लास त्याच्याकडे सरकवला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ती आपल्यासाठी ठेवते.

ती कपडे काढायला उठली, आणि त्यानं तो ग्लास उचलून सावकाश संपवला.